भेकाच्या कानशिलामागचे विष

कुत्र्याने भेक तोंडात धरला की पुढच्या दोन-चार मिनिटांत काय होते, हे मराठवाड्यातल्या बहुतेक वाड्या-वस्त्यांवर कुणी ना कुणी पाहिलेले असते. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेलेला असतो, ओसरीतल्या दिव्याखाली पाखरांचा खच पडलेला असतो आणि तो वेचायला भेक आलेला असतो. घरचे तरणे कुत्रे त्याच्यावर झडप घालते, उचलते आणि तसेच टाकून देते. मग डोके झाडणे, पंजाने तोंड घासणे, तोंडाला फेस. भेक मात्र अंग फुगवून जागच्या जागी बसलेला. कुत्र्याचे थोडक्यात निभावले, तर पुढच्या वेळी ते भेकाला हुंगून बाजूने निघून जाते. विष जास्त गेले असेल, तर ओकाऱ्या, झटके आणि हृदयाचे चुकणारे ठोके अशी चढती भाजणी सुरू होते. कुत्र्याचे तोंड खाली धरायचे, पाणी घशात उतरणार नाही अशा बेताने हिरड्या धुऊन काढायच्या आणि तडक जनावरांचा दवाखाना गाठायचा, एवढेच मालकाच्या हातात उरते.

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत घरादाराच्या आसपास वावरणारा हा प्राणी म्हणजे साधा भारतीय भेक. जर्मन अभ्यासक योहान श्नायडर याने १७९९ मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. आज विज्ञानात तो दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस या नावाने ओळखला जातो. त्यातले पहिले नाव ओडिशाचे उभयचरतज्ज्ञ सुशीलकुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ ठेवलेले आहे. गावात त्याची ओळख मात्र ‘अंगावर फोड असलेला, घाण बेडूक’ इतकीच. त्याला हात लावला की चामखीळ उठते, असेही सांगतात. ते खरे नाही. चामखीळ विषाणूमुळे होते आणि तो विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो; भेकाचा त्यात काडीचाही संबंध नाही. त्याच्या अंगावरच्या फोडांचे काम वेगळेच आहे.

दिव्याच्या उजेडात त्याला जवळून पाहिले तर डोक्यावर, डोळ्यांच्या कडेने, काळ्या उंचवट्याच्या रेघा दिसतात. पाठ खडबडीत, गाठींची; बऱ्याच गाठींची टोके काळी. दोन्ही डोळ्यांच्या मागे, कानाच्या पडद्याच्या जरा वर, घेवड्याच्या दाण्यासारखे दोन फुगीर उंचवटे असतात. खरे विषाचे कोठार ते. त्यांच्या कातडीवर बारीक छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्राखाली एक कुपी, घट्ट पांढऱ्या चिकाने भरलेली. कुप्या एकमेकींना खेटून रचलेल्या असतात आणि तोंडाशी बुच बसवल्यासारख्या बंद असतात. हा चीक भेकाला स्वतःच्या मर्जीने कुणावर उडवता येत नाही. बाहेरून दाब पडला, म्हणजे कुणी जबड्यात धरून चावले, की कुप्या दाबल्या जातात आणि चीक थेट चावणाऱ्याच्या तोंडात उतरतो. भेकाला स्वतःला दात नाहीत, नांगी नाही, काटा नाही. विष देण्याचे काम शिकाऱ्याचाच जबडा करतो.

म्हणून संकट समोर आले की भेक पळत सुटत नाही. तो छाती भरून फुगतो, पायांवर उंच होतो आणि डोके खाली घालून कानशिलामागचे ते दोन उंचवटे शत्रूच्या तोंडासमोर धरतो. पाहणाऱ्याला ही शरणागती वाटते. प्रत्यक्षात तो चावणाऱ्याच्या पुढ्यात नेमका विषाचाच घास ठेवत असतो.

एवढी तयारी का लागली, याचे उत्तर त्याच्या राहणीत आहे. मोठा पिवळट बैलबेडूक ओढ्याच्या किंवा शेततळ्याच्या काठाला बसतो आणि चाहूल लागताच लांब उडी घेऊन पाण्यात दिसेनासा होतो. भेकाचे मागचे पाय आखूड. तो उड्या कमी मारतो, चालतो जास्त. त्याची कातडी जाड आणि कोरडी असल्याने तो पाण्यापासून दूर, ढेकळांत, दगडांच्या बांधात, न्हाणीच्या मोरीजवळ राहू शकतो. जिथे वर्षाचे सात-आठ महिने पावसाचे नाव नसते, त्या मुलखात ही मोठी सोय आहे. पण पाण्यापासून लांब गेलेल्या आणि पळता न येणाऱ्या प्राण्याला लपायला डोह कुठला मिळणार? ती उणीव कातडीतल्या रसायनांनी भरून काढली आहे.

एका पंपावरचा घाव

भेकाच्या चिकात एकच एक पदार्थ नसतो. जॉन एबल आणि डेव्हिड माख्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या एका मोठ्या भेकाचा चीक तपासला, तेव्हा त्यात चक्क अ‍ॅड्रेनलिन सापडले. माणूस घाबरला की त्याच्या रक्तात उसळते तेच. त्याखेरीज मज्जासंस्थेवर काम करणारी काही संयुगे त्यात असतात. पण जीव घेणारा गट वेगळा. त्या संयुगांना बुफाडायएनोलाइड म्हणतात. भेक ती कोलेस्टेरॉलपासून स्वतःच्या शरीरात तयार करतो.

ही संयुगे कुठे घाव घालतात ते समजण्यासाठी पेशीच्या भिंतीतला एक छोटा पंप पाहावा लागतो. प्राण्याच्या पेशीतून सोडियमचे तीन आयन बाहेर टाकायचे आणि पोटॅशियमचे दोन आत घ्यायचे, हे काम तो अहोरात्र करत असतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोव यांनी १९५७ मध्ये हा पंप शोधला आणि त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भेकाचे विष या पंपाच्या बाहेरच्या बाजूला एका खाचेत जाऊन बसते आणि तो बंद पाडते. मग पेशीत सोडियम साचते, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढते. हृदयाचा स्नायू आधी जोराने आवळतो आणि पुढे त्याची लय बिघडते.

नेमक्या याच पंपावर घाव घालणारी झाडे मराठवाड्याच्या बांधावर आणि रस्त्याकडेला उभी आहेत. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि रुई. गाई-म्हशी त्यांना तोंड लावत नाहीत, म्हणूनच भर उन्हाळ्यात आजूबाजूचे सारे फस्त झाले तरी ती हिरवीगार राहतात. या झाडांतले विष आणि भेकाचे विष जवळचे नातलग. दोन्हींच्या सांगाड्याला जोडलेले एक वलय झाडांत पाच कोनांचे, भेकात सहा कोनांचे, एवढाच मुख्य फरक. माळावरच्या कोळकांद्यात तर भेकासारखे सहा कोनांचेच वलय सापडते. १७८५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरने डिजिटॅलिस नावाच्या झाडाचा हृदयरोगावरचा उपयोग लिहून प्रसिद्ध केला. त्याच कुळातल्या झाडापासून मिळणारे डिगॉक्सिन आजही हृदयाच्या रुग्णांना मोजूनमापून दिले जाते. मात्रा थोडी तर औषध, जास्त तर विष, हा खेळ याच पंपावर चालतो.

मग भेक स्वतःच्याच विषाने का मरत नाही? कारण त्याच्या पंपाची खाच बदललेली आहे. विष तिथे नीट बसतच नाही.

ज्यांना भेक पचतो

भेकाला खाणारे कुणीच नसते, तर पहिल्या पावसानंतर रस्तोरस्ती भेकच भेक झाले असते. दिवड त्याला खातो, धामण खाते, नागही खातो. हिरवा गवत्या साप तर भेकांवर विशेष जगतो. गावकऱ्यांनी विहिरीच्या काठाला भेक गिळत असलेला दिवड पाहिलेला असतो. त्याच्या तोंडात फुगलेला भेक, आणि तरी साप शांतपणे जबडे पुढे सरकवत असतो. कुत्र्याला आडवे पाडणारे विष त्याला का बाधत नाही?

त्याच पंपामुळे. भेक खाणाऱ्या सापांच्या पंपातही खाचेजवळची मोजकी अमिनो आम्ले बदललेली आढळतात. घोरपडीचा दाखला तर फार बोलका आहे. आशिया आणि आफ्रिकेतल्या घोरपडी हजारो पिढ्या भेकांच्या शेजारात राहिल्या. त्यांच्या पंपात असे बदल आहेत आणि त्या भेक खाऊन पचवतात. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडी त्यांच्याच गोतावळ्यातल्या, पण त्यांच्या खंडात मुळात भेकच नव्हते. त्यांच्यात हे बदल नाहीत. बीआटा उय्वारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की साप, घोरपडी, काही सस्तन प्राणी आणि खुद्द भेक अशा एकमेकांपासून दूरच्या प्राण्यांत पंपाच्या त्याच जागी तसेच बदल वेगवेगळे घडून आले आहेत.

जपानमधला एक साप याच्याही पुढे गेला आहे. तो गवत्याचाच जवळचा नातलग. भेक खाल्ला की त्यातले विष तो मानेवरच्या ग्रंथींमध्ये साठवून ठेवतो आणि कुणी मान धरली की तेच उसने विष वापरतो. २००७ मध्ये डेबोरा हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी हे सिद्ध केले. ज्या बेटावर भेक नाहीत, तिथल्या या सापांच्या ग्रंथींत विषही सापडले नाही.

भेकाच्या आयुष्याची सुरुवातही विषानेच होते. पावसाळी डबक्यात मादी अंड्यांच्या लांब चिकट माळा सोडते आणि त्या अंड्यांत आईकडून आलेले विष असते. काळ्या भैकेरांचे, म्हणजे भेकाच्या पिल्लांचे, थवे उथळ पाण्यात उघड्यावर फिरतात. डबक्यातल्या इतर बेडकांची पिल्ले गाळात दडी मारत असताना ही पिल्ले बिनधास्त दिसतात, त्यामागे ही शिदोरी असते.

उसाच्या शेतातून मादागास्करपर्यंत

लातूर-नांदेडच्या ऊस शेतकऱ्याला हुमणी नवी नाही. मृगाच्या पावसात जमिनीतून भुंगेरे बाहेर पडतात, रात्री लिंबावर, बाभळीवर गोळा होतात, पाला खातात. मग मादी जमिनीत अंडी घालते आणि अळ्या उसाची मुळे कुरतडतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्येही उसाला अशाच अळ्यांनी हैराण केले होते. त्यावर तोड म्हणून १९३५ मध्ये हवाई बेटांवरून दक्षिण अमेरिकी वंशाचे सुमारे शंभर मोठे भेक आणले गेले, त्यांची पैदास केली आणि पिल्ले उसाच्या पट्ट्यात सोडली. उसाचे भुंगेरे उंच पानांवर बसत; भेक जमिनीवर. दोघांची गाठच पडेना. भेक मात्र वाढत, पसरत गेले.

त्यांच्या वाटेत जे आले त्यांनी भेक कधी पाहिलेलाच नव्हता. घोरपडी, गोड्या पाण्यातल्या मगरी, क्वोल नावाचा मांजराएवढा शिकारी प्राणी, साप. त्यांनी नेहमीच्या बेडकासारखा भेक उचलला आणि मेले. काही भागांत क्वोलची संख्या इतकी घसरली की काही क्वोल भेक नसलेल्या बेटांवर नेऊन सोडावे लागले.

मादागास्करची गोष्ट मराठवाड्याच्या आणखी जवळची, कारण तिथे गेलेला भेक आपल्याच अंगणातल्या भेकाच्या गटातला आहे. आग्नेय आशियातून, बहुधा जहाजाच्या मालाबरोबर, तो पूर्व किनाऱ्यावरच्या तोआमासिना बंदराच्या परिसरात पोचला. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याबद्दल जाहीर इशारा दिला. २०१८ मध्ये बेंजामिन मार्शल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ७७ जातींच्या प्राण्यांचा तो पंप जनुकांच्या पातळीवर तपासला: साप, सरडे, पक्षी, बेडूक, सस्तन प्राणी. भेकाचे विष सोसू शकेल अशी चिन्हे त्यांपैकी फक्त एका जातीत दिसली, आणि ती जात उंदराच्या कुळातली होती. दिवडाला जो भेक रोजचा घास आहे, तोच मादागास्करच्या सापाला शेवटचा घास ठरू शकतो. विष तेच, खाणाऱ्याच्या पूर्वजांचा भेकाशी संबंध आला होता की नाही, यावर सगळे ठरते.

टोचणारे बेडूक

मराठवाड्यातला कोणताही बेडूक माणसाला विष टोचत नाही. जगात मात्र तसे बेडूक आहेत. ब्राझीलच्या ईशान्येला काटिंगा नावाचा काटेरी झुडपांचा कोरडा मुलूख आहे. तिथे कार्लोस जारेड या संशोधकाने एक बेडूक हातात धरला, तर त्याने डोके घासून हाताला टोचले आणि वेदना हातभर चढत गेली; ती पाच तास टिकली. त्या बेडकाच्या कवटीवर बारीक हाडांचे काटे असतात आणि ते विषग्रंथींतून बाहेर येतात. २०१५ मध्ये जारेड आणि सहकाऱ्यांनी अशा दोन जातींचे वर्णन केले.

त्याच गटाने २०२० मध्ये बिनपायांच्या उभयचरांच्या, म्हणजे देवगांडुळांच्या, दातांच्या मुळाशीही विषग्रंथींसारख्या ग्रंथी असल्याचे दाखवले. देवगांडुळे महाराष्ट्रात सह्याद्रीच्या आणि कोकणच्या ओल्या मातीत सापडतात.

कोलंबियाच्या पावसाळी जंगलातला सोनेरी बेडूक तिसऱ्याच तऱ्हेचा. त्याच्या कातडीतले बॅट्राकोटॉक्सिन इतके जहाल, की तिथले आदिवासी फुंकणीच्या बाणांची टोके त्याच्या पाठीवर घासत. पण हा बेडूक विष स्वतः बनवत नाही. ते त्याला जंगलातल्या किडामुंगीच्या आहारातून मिळते. पिंजऱ्यात जन्मलेल्या आणि तिथल्या साध्या खाद्यावर वाढलेल्या सोनेरी बेडकात विष नसते. आपल्या भेकाला मात्र काहीही खाऊ घाला, त्याचा कारखाना चालूच राहतो.

माणसाच्या हातात आणि पोटात

पाऊस ओढ देतो तेव्हा मराठवाड्यातल्या अनेक गावांत पोरे धोंडी काढतात. लिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधायचा, घरोघरी फिरायचे आणि आयाबायांनी वरून पाणी ओतायचे. कितीतरी पिढ्यांच्या पोरांनी हातात बेडूक आणि भेक धरले आहेत, आणि धडधाकट कातडीला त्याचा अपाय होत नाही. भेक फार तर हातावर मुततो. तोही बचावाचाच भाग. जपायचे ते डोळ्यांना आणि तोंडाला. चीक डोळ्यात गेला तर जळजळ होते, म्हणून भेक हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

खाल्लेल्या भेकाची गोष्ट निराळी. ओडिशापासून लाओसपर्यंत, भेकाला खाण्याजोगा बेडूक समजून शिजवल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. लाओसमधल्या अशा विषबाधांचा वैद्यकीय अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दगावणाऱ्यांत मुले होती. शिजवल्याने हे विष जात नाही. चिनी वैद्यकात भेकाचा वाळवलेला चीक ‘चान सू’ या नावाने वापरतात. तशाच संयुगांचे, अंगाला लावायचे म्हणून विकले जाणारे एक कामोत्तेजक न्यूयॉर्कमध्ये काही पुरुषांनी गिळले. १९९३ ते १९९५ या काळात त्यांच्यापैकी चौघांचा मृत्यू झाला. तपासणीत त्यांच्या रक्तात डिगॉक्सिन असल्याचे दिसले. त्यांनी ते औषध घेतलेच नव्हते. विषाची बनावट इतकी मिळतीजुळती, की चाचणीची फसगत झाली. त्याच सारखेपणामुळे डिगॉक्सिनच्या विषबाधेवर दिली जाणारी प्रतिपिंडे पुढे अशा रुग्णांवर उपयोगी पडली.

बैलबेडकाकडे भेकासारखे कोठार नाही. म्हणूनच त्याच्या तंगड्यांचा परदेशी बाजार भरभराटला आणि भारताने १९८७ मध्ये ती निर्यात बंद करेपर्यंत हा बेडूक पोत्यांनी पकडला जात होता. पण त्याची ओली कातडीही रिकामी नाही. गढूळ, शेण-मूत मिसळलेल्या पाण्यात तो आयुष्य काढतो, जखमी होतो आणि तरी जखमा सहसा चिघळत नाहीत. हैदराबादच्या पेशीय आणि रेणवीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २००१ मध्ये त्याच्या त्वचेच्या स्रावातून चार छोटी पेप्टाइडे वेगळी काढली आणि त्यांना टायगरिनिन असे नाव दिले. अवघ्या अकरा-बारा अमिनो आम्लांची ही साखळी स्वतःशीच वळून एक फास तयार करते आणि जिवाणू मारते.

भेकाची रसायने मोठ्या जबड्यांसाठी, बैलबेडकाची डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूंसाठी. बहुविस्तार बेडूक हे या दुसऱ्या प्रकारचे महाराष्ट्रातले आणखी एक उदाहरण. पुण्याचे आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून ओळख दिली. तोवर तो केरळकडच्या दुसऱ्याच जातीत मोजला जात होता. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच्या त्वचेतल्या उरुमिन नावाच्या पेप्टाइडाने एच१ प्रकारचे फ्लूचे विषाणू नष्ट होतात, असे केरळ आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले. उंदरांवरच्या प्रयोगातही त्याने संसर्गापासून बचाव केला.